भिंतीला न लागलेले गोळे

१

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की नकांडू काटोंगो आपल्या संभाव्यतेच्या वर्गाला बाकांवरून उठवून मागच्या भिंतीकडे न्यायची. हे दरवर्षीचंच होतं. कॉलेजच्या आवाराच्या टोकाला खाणकामगारांच्या जुन्या अंघोळीच्या खोल्यांची एक भिंत तेवढी शिल्लक होती. बाकीच्या भिंती आणि छप्पर किट्वे शहरातल्या लोकांनी वीट-वीट करून केव्हाच घरी नेलं होतं. त्या भिंतीला चुना फासला जायचा. मुलं वारुळाची तांबडी माती भिजवून लिंबाएवढे गोळे वळायची, डोळ्यांवर चितेंगे या रंगीत छापील सुती कापडाच्या पट्ट्या बांधायची आणि एकामागून एक पुढे येऊन भिंतीवर गोळे भिरकवायची. मग भिंतीवर चौकटी आखायच्या, कुठे किती डाग पडले ते मोजायचं, त्यावरून घनतेचं सूत्र बसवायचं, आणि डबल इंटिग्रेशन करून अमुक भागात किती डाग पडायला हवेत ते काढून पडताळायचं.

विभागातले बाकीचे मास्तर नाणी आणि फासे यांच्यावरच वर्ष काढायचे. नकांडूला त्यांची कीव यायची, आणि ती लपवायची तिला गरज वाटत नसे. भिंतीचा प्रयोग हे तिचं लाडकं अपत्य होतं म्हणा ना.

"डोळे उघडे असले की माणूस नेम धरतो," ती सांगायची, "आणि नेम धरला की माझं गणित मेलं. तेव्हा पट्टी घट्ट बांधा. चोम्बा, तुझी विशेषतः."

चोम्बा हा वर्गाचा प्रतिनिधी. ताडमाड उंच, अभ्यासात बरा आणि तोंडाने भलताच फटकळ. सगळे गोळे फेकून झाले, पट्ट्या उतरल्या, तेव्हा भिंतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यानेच.

"मॅडम," तो म्हणाला, "तिथं कोणीतरी उभं होतं वाटतं. बिचारा लाजून बोलला नाही."

वर्ग हसला. नकांडूही हसली, कारण खरंच तसं दिसत होतं. भिंतभर तांबडे डाग उडाले होते आणि मधोमध एक पांढरी पोकळी राहिली होती. वर गोल, खाली खांदे, दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले हात, मग दोन पाय. कडेकडेने डागांची दाटी होती आणि आत एकही डाग नव्हता.

"नेम न धरता फेकलं म्हणजे सगळीकडे सारखं पडेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "मक्याचं पीठ जमिनीवर सांडलं तर कुठे ढीग होतो, कुठे फरशी दिसते. त्यात माणूस शोधतात ते तुमचे डोळे. पुढच्या वेळी भिंतीला नव्याने चुना लावू आणि दुप्पट गोळे फेकू. पुरेसे गोळे पडले की पोकळी भरतेच. अहवालात मला ती भरलेली दिसली पाहिजे. नाही भरली तर फेकत राहा. त्याशिवाय गुण मिळायचे नाहीत."

"ऐकलंत ना रे?" चोम्बा मागे वळून ओरडला. "भरेपर्यंत फेकायचं."

विभागातल्या आपल्या खोलीत परतल्यावर तिने उगाच एक कागद ओढला आणि तेवढी जागा कोरी राहण्याची शक्यता किती, ते काढून पाहिलं. उत्तर इतकं बारीक आलं की तिने गणित पुन्हा तपासलं. चूक नव्हती. घडून गेल्यावर कुठलीही गोष्ट दुर्मीळच दिसते, असं स्वतःला समजावून तिने तो कागद टोपलीत टाकला.

२

लोम्बे तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो चालायलाही शिकला नव्हता. आईची बहीण ती आईच, असं तिकडे मानतात आणि म्हणतातही तसंच, त्यामुळे लोम्बेने तिला कधी मावशी म्हटलं नाही. तो तिला मायो म्हणायचा, म्हणजे आई. आता तो तिच्याच वर्गात होता, आणि वर्गात मात्र इतरांसारखा 'मॅडम' म्हणताना त्याच्या गालात हसू मावत नसे. नकांडूला स्वतःचं मूल नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती, कारण हा होता.

त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून तो घरीच राहिला होता. ती घरी आली तेव्हा तो पालथा पडला होता, सदरा काढून. त्याच्या खांद्यामागे एक काळानिळा गोल डाग होता. बरगडीवर दुसरा. कमरेजवळ आणखी काही.

"कोणाशी मारामारी केलीस?"

"कोणाशी नाही, मायो. मी झोपलो होतो."

"झोपेत अंगावर वळ उठतात का? बस स्टॉपवरच्या पोरांच्या नादी लागू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं तुला."

"अगं, उठून पाणी प्यायचं त्राण नव्हतं, मारामारी कुठली करतोय." तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "स्वप्न पडलं होतं. हात बांधल्यासारखा उभा होतो आणि कोणीतरी मारत होतं. जागा झालो तर दुखत होतं."

तिचा विश्वास बसला नाही. एकोणीस वर्षांचं पोर आईला सगळं थोडंच सांगतं. तिने दाण्याचं कूट घालून पेज शिजत ठेवली, त्याच्या पाठीला तेल चोळलं आणि तोंडाने त्याला झोडपत राहिली. लोम्बे निमूट चोळून घेत होता. एका वळावर तिचा अंगठा अगदी नीट बसला, मधोमध खोल आणि कडेला पसरट. कुठेतरी पाहिलाय हा आकार, असं तिला वाटलं. पण पेज उतू गेली आणि ती उठली.

रविवारी वर्गाचे अहवाल तपासताना मात्र ती वैतागली. प्रत्येक गटाने वळलेल्या गोळ्यांचा आकडा जास्त लिहिला होता आणि डागांचा कमी. भिंतीवरून बाहेर गेलेले गोळे वेगळे दाखवले होते, तरीही मेळ बसत नव्हता. एका गटाचा बसला नसता तर ठीक होतं, सगळ्यांचाच चुकला होता. "नीट मोजा" असं तिने सगळ्यांच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं.

३

दुसऱ्या खेपेला ती स्वतः भिंतीच्या बाजूला उभी राहिली. चुना ताजा होता आणि बादल्या काठोकाठ भरल्या होत्या. लोम्बेचा ताप उतरला नव्हता, तो आजही घरीच होता.

पहिले काही गोळे थाप-थाप असे ओले, मोकळे वाजले. मग एक निराळाच वाजला. घट्ट, दबलेला, मांसाच्या तुकड्यावर मुसळ आदळावं तसा. पट्टी बांधलेल्या मुलांच्या माना एकदम वळल्या. नकांडूने भिंतीकडे पाहिलं. तिथे नवा डाग नव्हता. खाली जमिनीवरही काही पडलं नव्हतं.

आत गिलावा सुटला असेल, तिने मनाशी म्हटलं. हात वर करून तिने सगळ्यांना थांबवलं, जवळ जाऊन बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली. भिंत टणक होती. मग गोळा गेला कुठे? उन्हाने डोळे दिपले असतील आपले, उडाला असेल इकडेतिकडे. तिने हात खाली केला.

"चालू द्या."

पुन्हा तो आवाज आला. आणि पुन्हा. आता मुलांचं हसणं बंद झालं होतं. गंमत अशी की त्यांनी हात आखडता घेतला नाही. उलट ती पाळी सोडून पुढे सरकू लागली. माध्यमिक शाळेपासून कोणाशी मोठ्याने न बोललेली मापालो नावाची मुलगी दात आवळून, अंग मागे झोकून गोळा सोडत होती आणि सोडताना तोंडातून हुंकार काढत होती. थाप, थाप, धप्. तो दबका आवाज आला की साऱ्या रांगेतून एक समाधानाचा उसासा निघायचा, आणि पुढचा हात अधिक जोराने यायचा.

"लागला," चोम्बा म्हणाला.

"काय लागलं?" नकांडूने विचारलं.

"काही नाही, मॅडम. गोळा." त्याचा आवाज कोरडा होता. जीभ ओठांवरून फिरत होती.

तिला त्यांची भीती वाटली. आपल्याच मुलांची, ज्यांची नावं आणि आडनावं, फी थकल्याच्या तक्रारी, सगळं तिला पाठ होतं. तरी तिने प्रयोग थांबवला नाही. का थांबवायचा, याला तिच्याजवळ कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय काही करायची तिला सवय नव्हती.

बादल्या रिकाम्या झाल्या. दुप्पट गोळे पडले होते, भिंत तांबडी झाली होती. मधली पोकळी भरली नव्हती. पण या खेपेला त्या पांढऱ्या आकृतीने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते आणि एक गुडघा वाकवला होता.

पट्टी उतरवून चोम्बाने तिच्याकडे पाहिलं. "अजून भरली नाही, मॅडम," तो म्हणाला.

४

घराच्या दारात शेजारची बाना कांग्वा उभी होती. कांग्वाची आई म्हणून बाना कांग्वा; तिचं स्वतःचं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मी इथेच पायरीवर भाजी निवडत बसले होते," ती दबक्या आवाजात सांगू लागली. "दारातून माशी आत गेली नाही, नकांडू. पोर आतून ओरडलं म्हणून धावले, तर हे असं."

लोम्बेचा खालचा ओठ फाटला होता. दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजून काळे पडले होते. डोकं वाचवायला माणूस हात वर घेतो, त्याच बाजूला सगळा मार होता. गुडघ्यावर कातडं सोललं होतं.

"पास्टरना बोलावू का?" बाना कांग्वाने विचारलं.

"गरम पाणी आण आधी."

नकांडू जखम पुसू लागली. कापसावर तांबडं रक्त आलं, आणि रक्ताबरोबर काहीतरी खरखरीत. तिने ते बोटांत चोळलं. वारुळाची माती होती ती, भिजवून मळलेली, एकजीव. अंगठ्याला आठवलेला आकारही तेव्हाच कळला. भिंतीवरचा डाग असाच असतो, मधोमध खोल आणि कडेला पसरट.

ती तशीच बसून राहिली. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात ती मुलांना बजावायची, की समोर आलेले आकडे पाहून हुरळू नका, जे समोर पोचलेच नाहीत त्यांचं काय झालं ते आधी विचारा. आणि स्वतः तिने काय केलं होतं? भिंतीवर डाग नाही म्हणजे तिथे गोळा गेला नाही, असं धरून चालली होती. गोळे गेले होते. सगळ्यात जास्त तिथेच गेले होते. भिंतीच्या अलीकडे कोणीतरी उभं होतं आणि ते त्याला लागत होते.

हे अशक्य आहे, तिची बुद्धी म्हणत होती. बोटांवरची माती तिचं ऐकत नव्हती.

"मायो," लोम्बे फाटक्या ओठातून म्हणाला, "थांबले का ते?"

"कोण, बाळा?"

"आपला वर्ग. मला चोम्बाचा आवाज येतो. लागला, म्हणाला तो." त्याने तिचं मनगट धरलं. "त्यांना सांग ना, मी आहे तिथे."

नकांडूला रडू फुटलं. लोम्बेसमोर ती कधी रडली नव्हती.

५

रात्र कशीबशी गेली. सकाळी तिने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं: भिंतीचा प्रयोग रद्द. अहवाल नको. सगळ्यांना पूर्ण गुण देते. भिंतीकडे कोणीही जायचं नाही.

चोम्बाचं उत्तर आलं. "मॅडम, पोकळी भरल्याशिवाय थांबू नका, हे तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही सकाळीच नवा चुना लावून सुरू केलंय." खाली फोटो होता. पांढरी आकृती आता भिंतीच्या पायथ्याशी होती, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन.

तिने फोन लावला. मागे थाप-थाप चालू होती.

"चोम्बा, थांबव सगळ्यांना. आत्ताच्या आत्ता."

"थोडंच राहिलंय, मॅडम," तो अगदी अदबीने म्हणाला. "माती संपली, पण तुम्ही काळजी करू नका. खाणीच्या काळ्या दगडांचा ढीग जवळच आहे. मुलं पिशव्या भरून आणतायत."

आतल्या खोलीत सकाळपासून कण्हत पडलेला लोम्बे किंचाळला.

ती धावली. त्याच्या कपाळाची कातडी फुटून रक्त भुवईवर उतरलं होतं. ती त्याच्यावर पडली, हातापायांनी त्याला झाकून घेतलं, डोकं छातीखाली ओढलं. बाना कांग्वा भिंतीला टेकून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होती. खोलीत बाकी काही हलत नव्हतं. आणि नकांडूच्या अंगाखाली, तिच्या पोटाला चिकटलेलं ते शरीर धप्पकन हादरलं. तिला काहीच लागलं नाही. पुन्हा हादरलं. आतून हाड मोडल्याचा आवाज आला तो तिने बरगड्यांनी ऐकला. इथे झाकून काही उपयोग नव्हता. दगड इकडे येतच नव्हते.

"याला सोडू नकोस," तिने बाना कांग्वाला सांगितलं आणि अनवाणीच रस्त्यावर धावत जाऊन टॅक्सीपुढे उभी राहिली.

६

ऊन चांगलंच चढलं होतं. जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांच्या सड्यावर सगळा वर्ग रांगेत उभा होता, डोळ्यांवर रंगीबेरंगी पट्ट्या बांधून. पायाशी काळ्या, धारदार दगडांचे ढीग होते. कोणी बोलत नव्हतं. हात मागे जात होते आणि पुढे येत होते. भिंतीचा चुना खपल्या-खपल्यांनी उडाला होता. पायथ्याशी मात्र एवढासा भाग अजून पांढराशुभ्र होता.

"थांबा!" नकांडू ओरडली.

कोणी थांबलं नाही. तिने चोम्बाच्या हाताला लटकून दगड खेचला. त्याने शांतपणे खाली वाकून दुसरा उचलला. मापालोला तिने ढकलून दिलं, ती उठून पुन्हा रांगेत आली. एवढ्यांना एकटी बाई कुठवर आवरणार? तिने त्यांचा नाद सोडला आणि सरळ भिंतीकडे पळाली. त्या पांढऱ्या जागेपुढे ती गुडघ्यांवर बसली, पाठ भिंतीला लावली आणि हात दोन्ही बाजूंना पसरले.

पहिला दगड तिच्या खांद्यावर बसला. दुसऱ्याने कान फाडला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्या वेदनेतच तिला एकदम आनंद झाला, कारण हे दगड तिला लागत होते. तिला लागले म्हणजे त्याला लागले नाहीत.

पाठीला भिंत गार लागायला हवी होती. ती ऊबदार होती, आणि धापा टाकत होती. तिने मान वळवली नाही. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली पाहिलं, तर काखेच्या मागून पुढे आलेली चार बोटं तिला दिसली. चुन्यासारखी पांढरी. त्यांनी तिच्या पोलक्याची कड घट्ट धरली होती.

"आहे मी," ती म्हणाली. "आहे हं, बाळा."

"मॅडम," चोम्बाने विचारलं, "भिंतीपुढे तुम्ही बसल्या आहात का?"

"हो! मी आहे. पट्ट्या काढा आणि बघा काय करताय ते!"

त्यांनी काढल्या. एकेक करून सगळ्यांनी पट्ट्या काढल्या, नीट घडी करून खिशात ठेवल्या आणि उन्हात डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानातून रक्त गळ्यावर उतरत होतं. मापालोने तोंडावर हात घेतला. संपलं, नकांडूला वाटलं. देवा, संपलं.

चोम्बाने मोठ्यांसमोर वाकावं तसा एक गुडघा वाकवला. आदराची तिकडची रीत म्हणून दोन्ही तळवे हलकेच एकमेकांवर वाजवले.

"माफ करा, मॅडम. जरा डावीकडे सरकता का? तुमच्यामुळे आकडे चुकतायत."

"नाही सरकणार."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने दगड उचलला. मग बाकीच्यांनीही वाकून, टाळ्या वाजवून, एकेक उचलला. मापालोनेही. डोळे आता उघडे होते, त्यामुळे एकही दगड वाया जात नव्हता. तिचा डावा हात कोपरात मोडला आणि खाली लोंबला. ती उजवीकडे रेलली, तेवढीही फट राहू नये म्हणून.

पाठीमागची धाप मंद झाली. पोलक्याची कड सुटली. मागे भिंत होती, नुसती भिंत, गार आणि खरखरीत.

फोन वाजत होता. धावताना तिने तो कमरेला खोचला होता. तिने चांगल्या हाताने कानाशी धरला.

"नकांडू, पोर उठून बसलंय गं," बाना कांग्वा हसत रडत होती. "रक्त थांबलं. पाणी मागतंय. पण सारखा विचारतोय, मायोला कोण मारतंय म्हणून. काय सांगू त्याला?"

समोर चोम्बा हात मागे नेत होता.

"पाणी दे त्याला," नकांडू म्हणाली. "सांग, तास चालू आहे माझा."